भांगाची मोजणी

संतपुरात एखाद्या बाईचे केस गळू लागले की पहिली बातमी लागते ती केसवाल्याला. मोटारसायकलच्या मागे स्टीलच्या ताटल्या, प्लास्टिकचे डबे आणि पिनांचे पुठ्ठे लटकवून तो येतो आणि भोंग्यातून तीन भाषांत ओरडतो, कारण बिदर जिल्ह्यातल्या औराद तालुक्यात एकाच भाषेत ओरडून आजवर कुणाचं पोट भरलेलं नाही. बायका भिंतीच्या भोकातून, पत्र्याच्या फटीतून, वर्षभर कोंबून ठेवलेलं गुंतवळ बाहेर काढतात. तो ते काट्यावर टाकतो आणि म्हणतो, "अक्का, यंदा माल बरा हाय." हे कौतुक की निदान, ते अक्काला कळत नाही. पण डबा जरा मोठा मिळतो, म्हणून ती हसते.

या धंद्याचं मोठं ठाणं म्हणजे आपल्याच राज्यातलं, कोप्पळजवळचं भाग्यनगर. तिथं बायका दिवसदिवस बसून गुंतवळाच्या गोळ्या सोडवतात, केस न् केस वेगळा करतात, लांबीप्रमाणे जुड्या बांधतात आणि त्या जुड्या टोप व्हायला परदेशी जातात. २०२२ च्या जानेवारीत केंद्र सरकारनं कच्च्या केसांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. म्हणजे आमच्या गल्लीतलं गुंतवळ हा थेट परराष्ट्र व्यापाराचा विषय आहे. ते ज्या डोक्यावरून उतरलं, त्या डोक्याबद्दल मात्र दिल्लीचं काही धोरण नाही. ते खातं गल्लीकडे आहे.

आणि गल्ली आपलं खातं चोख सांभाळते. आमच्या शेजारची अक्का, पन्नाशीला टेकलेली, तुरीची डाळ नुसत्या वासावरून ओळखणारी, एका दुपारी ओसरीवर एवढंच म्हणाली, "केस लय गळलालेत गं." पाच मिनिटांत मंडळ बसलं. तिच्या सासूबाईंनी, ज्यांना सगळी गल्ली आत्याबाई म्हणते, शाम्पूच्या रुपयाच्या पुडीला दोषी धरलं. धाकट्या जावेनं बोअरच्या पाण्याला. कॉलेजात जाणाऱ्या पुतणीनं स्ट्रेसला. भाऊजींनी, त्यांना कुणी विचारलेलं नसताना, मोबाइलला. समोरच्या मावशींनी नजर लागल्याचं सांगून मीठ-मोहऱ्याही आणल्या. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं ते अक्काच्या स्वभावावर: ती विचार फार करते. पोरीचं लग्न, पोराची नोकरी, तुरीचा भाव. "विचार सोड, केस थांबतील."

"बरं," अक्का म्हणाली, "तुरीचा भाव उद्यापासून तुमी बगा."

मंडळ लगेच पुन्हा शाम्पूवर आलं.

या सगळ्या कारणांत एक गोष्ट समान होती. प्रत्येक कारण बाईच्या हातून घडलेलं. अक्काचे यजमान, म्हणजे आमचे अण्णा, गेली वीस वर्षं डोक्यावर पूर्णचंद्र घेऊन फिरतात. त्यांच्यासाठी कधी बैठक बसली नाही, मीठ-मोहऱ्या ओवाळल्या गेल्या नाहीत, बोअरचं पाणीही त्यांच्या बाबतीत निर्दोष सुटलं. पुरुषाला टक्कल वारशानं मिळतं, बाईचे केस मात्र तिनंच निष्काळजीपणानं कुठंतरी सांडलेले असतात, अशी आमच्याकडची वाटणी आहे. खरं म्हणजे वारसा दोघांनाही मिळतो, आणि तोही आईकडून आणि बापाकडून, दोन्ही घराण्यांकडून. हे मी मंडळाला सांगून पाहिलं. आत्याबाईंनी त्यातलं "आईकडून" एवढंच ऐकलं आणि अक्काच्या माहेराकडे, म्हणजे भालकीच्या दिशेनं, अर्थपूर्ण नजर टाकली.

मंडळ बघत होतं ते गुंतवळाकडे. घोटाळा तिथंच होता.

डोक्यावर साधारण लाखभर केस असतात आणि रोज पन्नास ते शंभर पडणं हा त्यांचा नित्याचा व्यवहार. एकेक केस काही वर्षं वाढतो, दोन-तीन महिने नुसता बसून राहतो आणि मग पुढच्याला जागा करून देतो. (यातलं शेवटचं कलम आमच्या पुढाऱ्यांनी वाचावं.) मोठा ताप, डेंग्यू, बाळंतपण, ऑपरेशन, लग्नाआधीची उपासमार, असलं काही झालं की एकाच वेळी पुष्कळ केस बसून राहणाऱ्यांत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ हातात येतात. बाई घाबरते, न्हाणीची मोरी तुंबते, केसवाला खूश होतो. पण हे गळणं बहुतेकदा जसं आलं तसं जातं आणि केस भरून येतात.

अक्काचं प्रकरण वेगळं होतं. त्याला गाजावाजा नसतो. एक केस जातो, त्याच मुळातून नवा येतो तो थोडा बारीक. त्याच्यानंतरचा आणखी बारीक, आणखी आखूड. असं करत करत शेवटी नुसती लव उरते. गुंतवळ नेहमीएवढंच, किंवा किंचित जास्त. कपाळावरची पहिली रांग जागच्या जागी उभी, त्यामुळे आरशात समोरून बघितलं तर सगळं ठीक. रुंद होतो तो फक्त मधला भांग. शेजारच्या शेतकऱ्यानं दर पेरणीला बांध चार बोटं सरकवावा, तसा. एका सालात कोर्टात जावं इतका फरक कधीच दिसत नाही, आणि दहा सालांनी बघावं तर अर्धा एकर गेलेला असतो.

डॉक्टरांनी याची रीतसर मोजणी करून ठेवली आहे. पुरुषांच्या टकलाची हॅमिल्टन यांनी आखलेली आणि नॉरवूड यांनी १९७५ मध्ये सुधारलेली मोजपट्टी आहे, तिच्या पायऱ्या सात. मग १९७७ मध्ये लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी बायकांची वेगळी मोजपट्टी काढली, तिच्या पायऱ्या तीन. तिथंही पुरुषांना सात मजले आणि बायकांना तीनच खोल्या. काही जणींचा भांग कपाळाकडे पसरट आणि मागं निमुळता होत जातो. डॉक्टर त्याला ख्रिसमसच्या झाडाची उपमा देतात. बिदरला मेथॉडिस्टांचा वावर जुना असल्यामुळे आमच्या भागात हे झाड अगदीच परकं नाही, पण ते आपल्या डोक्यावर उगवलंय असं ऐकून कुठल्याही बाईला सणाचा आनंद होत नाही.

आता भांग रुंदावतोय हे कळणार कुणाला? डोक्यावर पदर. पदराखाली अंबाडा. अंबाड्याभोवती गजरा, आणि पूर्वीच्या बायकांकडे त्याच्याही आत गंगावन. आमच्याकडच्या कितीतरी बायकांचे भांग त्यांच्या नवऱ्यांनीही कधी धड पाहिलेले नसतात. टीव्हीवरच्या मालिकांमुळे अलीकडे भांगात कुंकू भरायची पद्धत संतपूरपर्यंत पोचली, तेव्हा अक्का एकदा म्हणाली होती की मेली डबी लवकर संपते. तेव्हा आम्ही महागाईवर बोललो.

निदान केलं ते ड्रोननं. पुतण्याच्या लग्नात फोटोवाल्यानं ड्रोन आणला होता. तो मांडवावर घोंगावत फिरला, वऱ्हाडातल्या बायकांनी वर बघून हात हलवले आणि वर बघताना पदर मागं सरकले. पुढं महिन्याभरानं घरातल्या मोठ्या टीव्हीवर लग्नाचा व्हिडिओ लागला. अक्षता पडत होत्या, सनई वाजत होती, आणि भाऊजींनी विचारलं, "ही मधून पांदीसारखी वाट कुणाची हाय?" खोलीत शांतता झाली. अक्कानं उठून टीव्ही बंद केला आणि चहा टाकायला गेली. चहात साखर नव्हती. कुणी मागितली नाही.

पुढं मला कळलं की त्वचारोगाचे डॉक्टरही अगदी हेच करतात. तीच जागा, तोच उजेड, तोच वरचा कोन, आणि दर सहा महिन्यांनी फोटो. फक्त ते मागं सनई लावत नाहीत.

पण डॉक्टरपर्यंत पोचायच्या आधी बाईला उपायांच्या एका लांब पालखीला वाट द्यावी लागते. पहिला मान कांद्याचा. कांद्याच्या रसाचा एक छोटा प्रयोग बगदादच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला होता, पण तो चाईच्या चट्ट्यांवर. चाई वेगळी, भांग वेगळा. अक्काच्या घरात पंधरवडाभर भज्यांचा वास येत होता आणि पाहुणे जेवायच्या आशेनं रेंगाळत होते. मग माका, जास्वंद आणि मेथी घालून उकळलेलं खोबरेल. खोबरेलाला मी नावं ठेवणार नाही. ते केसाच्या दांड्याची झीज कमी करतं हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. पण आहे त्या केसाला जपणं आणि नवा केस उगवणं ही दोन खाती आहेत, आणि तेलाची बदली दुसऱ्या खात्यात होत नाही. त्यानंतर पुतणीनं रील दाखवलं: म्हैसूरकडच्या हुणसूर तालुक्यातल्या हक्कीपिक्की लोकांचं तेल. रीलमध्ये बाप्यांचे केसही कमरेखाली. अक्का बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्यांच्या आज्याचा फोटो दाखीव." मला वाटतं, वारशाबद्दल इतका नेमका प्रश्न मंडळात तोवर कुणी विचारला नव्हता.

समोरच्या मावशींचं म्हणणं तिरुपतीला जाऊन डोकं उतरवावं, केस दाट येतात. केस पुण्यासाठी जरूर द्यावेत, पण मुळं कातडीच्या आत असतात आणि वस्तऱ्याला ती दिसतही नाहीत. नवे खुंट बोथट टोकाचे, म्हणून हाताला जाड लागतात, एवढंच. आणि एका पाहुण्यानं तर कमाल केली. बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर लावला की बिदरीची भांडी काळीभोर होतात आणि तो काळा रंग पिढ्यानपिढ्या जात नाही, तर तीच माती भांगाला लावली तर? अण्णा म्हणाले, बिदरीचा धातू जस्ताचा असतो, हिचं डोकं तसलं नाही. ते फार खात्रीनं बोलले नाहीत.

याच सुमारास, २०२५ च्या जानेवारीत, बुलढाणा जिल्ह्यातून बातम्या आल्या. शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचं डोकं खाजतं आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडतं. बायका, पोरं, कॉलेजकुमार, कुणीही. ठरलेली लग्नं अडली. पाण्यावर, शाम्पूवर, कसल्याशा विषाणूवर संशय घेऊन झाला. दिल्ली-चेन्नईची पथकं येऊन गेली. महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर, ज्यांचं नाव विंचवाच्या दंशावरच्या उपचारामुळे जगभर माहीत आहे, त्यांनी तिथला रेशनचा गहू तपासला आणि त्यात सेलेनियमचं प्रमाण फार जास्त असल्याचं सांगितलं. पुढं पुष्कळांचे केस परतही आले. ही बातमी टीव्हीवर लागली त्या रात्री आमच्या मंडळाला मोठा दिलासा मिळाला: कारण बाईत नसून गव्हात आहे! अक्कानं आठवण करून दिली की या घरात तीन पिढ्या ज्वारी खातात. आणि तीन दिवसांत जाणारे केस नि दहा वर्षांत जाणारे केस यांची चौकशी एका फायलीत होत नसते.

शेवटी डॉक्टर ठरला. पण कुठला? १९५६ मध्ये राज्यं नव्यानं आखली तेव्हा निजामाच्या काळातला बिदर जिल्हा तीन ठिकाणी वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात. नारायणखेड, जहीराबाद आंध्रात. उरलेले आम्ही म्हैसूर राज्यात. तेव्हापासून संतपूरच्या माणसाला शिंक आली तरी तीन राज्यांचा विचार करावा लागतो. बिदर जवळचं आणि सरकारी कागदाला सोयीचं. हैदराबादचा डॉक्टर मोठा, म्हणून आजारही आपोआप मोठा होतो. अक्कानं उदगीर निवडलं. तिथं तिची बहीण असते.

जाताना तिनं देवळात जावं तशी तयारी केली. डोक्याला तेल चोपडून, चप्प भांग पाडून, घट्ट अंबाडा घालून. डॉक्टरीणबाईंनी भिंग लावलं तर त्यात नुसतं तेलच तेल. पुसून पुन्हा लावलं. मग मोबाइलच्या पडद्यावर अक्काला तिचाच भांग दाखवला: एकाच चौरसात एक केस जाड, शेजारचा मध्यम, तिसरा लवेसारखा. डोक्याच्या मागच्या भागात मात्र सगळे सारखे. मग चिमटीत पन्नाससाठ केस धरून हलकेच ओढले. दोन आले. "बघा, उपटून येत नाहीयेत," त्या म्हणाल्या, "बारीक होतायत." मग प्रश्न: थायरॉइड? एवढ्यात मोठा ताप? पाळी कशी येते? हनुवटीवर राठ केस? या टप्प्यावर अण्णांना अचानक पानाची तलफ आली आणि ते खाली उतरले.

तपासण्या लिहिल्या: हिमोग्लोबिन, लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन, थायरॉइड, ड जीवनसत्त्व. पाळी फारच अनियमित असती तर हार्मोन्सच्याही लिहिल्या असत्या. पुतणीनं दिलेल्या बायोटिनच्या गोड गोळ्या मात्र आधी बंद करायला सांगितल्या. अंगात बायोटिन जास्त झालं की काही थायरॉइडच्या आणि हृदयाच्या तपासण्या चुकीचे आकडे दाखवतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये तसा इशाराच दिलेला आहे. म्हणजे केसासाठी गोळी खायची आणि रिपोर्टावर थायरॉइड उगवायचा. अक्काचं रक्त जरा कमी निघालं, बाकी सगळं ठीक. तिला हे पटेना. एवढे पैसे देऊन काहीच निघालं नाही?

औषध निघालं ते मिनॉक्सिडिल. याची गोष्ट अक्काला फार आवडली. ती मूळची रक्तदाबाची गोळी. अमेरिकेत अपजॉन कंपनीनं काढलेली, १९७९ मध्ये परवानगी मिळालेली. रक्तदाब उतरला, पण रोग्यांच्या कपाळावर, गालांवर, हातांवर केस यायला लागले. कंपनीनं डोकं चालवलं आणि त्याच गोळीचं डोक्याला लावायचं पाणी केलं. पुरुषांसाठी १९८८ मध्ये, बायकांसाठी १९९१ मध्ये. "तीन वर्षं आमाला कामून थांबवलं?" अक्कानं विचारलं. डॉक्टरीणबाईंकडे याचं उत्तर नव्हतं. अक्काचा दुसरा प्रश्न जास्त व्यवहारी होता: ह्यांची बीपीची गोळी घरात हायच की, तीच घेऊ का? नाही. ती वेगळी गोळी, तिनं केस येत नाहीत, पाय सुजतात. मिनॉक्सिडिलची गोळीही हल्ली अगदी थोड्या मात्रेत केसांसाठी देतात, पण ती डॉक्टर सांगतील तेव्हाच आणि तपासून. गर्भार किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईनं यातलं काहीच घ्यायचं नाही. आणि घरात मांजर असेल तर बाटली, बोळा, उशी सगळंच लांब ठेवायचं. मांजराला हे औषध विषासारखं आहे.

लावायची रीत अशी: सकाळी एक मिली, रात्री एक मिली, केसांना नाही, भांगाच्या कातडीला. हात धुवायचे. चार ते सहा महिने काहीच विचारायचं नाही. उपयोग झाला तर चालूच ठेवायचं, कारण बंद केलं की मिळवलेलं सगळं काही महिन्यांत परत जातं. "म्हंजे जन्मभर?" अक्का म्हणाली. "बरं. कुंकू बी तसंच हाय."

डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट तीनदा बजावली होती. पहिल्या काही आठवड्यांत गळणं वाढेल. बसून राहिलेल्या केसांना औषध हाकलून देतं, म्हणजे नव्याला जागा होते. घाबरून सोडू नका. अक्का घाबरली नाही. मंडळ घाबरलं. तिसऱ्या आठवड्यात फणीत गुंतवळ वाढलं आणि ओसरीवर तातडीची बैठक भरली. आत्याबाईंनी बाटलीला "विलायती कांदा" असं नाव दिलं. जावेनं पुन्हा बोअरचं पाणी काढलं. भाऊजींनी मोबाइल. बाटली मोरीत ओतावी असा ठराव जवळजवळ झालाच होता, पण अक्कानं किंमत सांगितली. मग ठराव असा झाला की एवढी बाटली संपेपर्यंत बघावं.

साठ मिलीची बाटली, रोज दोन मिली, म्हणजे महिनाभर पुरायला हवी. ती अठराव्या दिवशी संपली. दुसरी आणली, तीही. अक्का हिशेबाची पक्की. तिनं तिसऱ्या बाटलीवर पेनानं रेघ मारली, आणि सकाळी रेघेखाली बोटभर औषध कमी. चौकशी झाली. पुतणीचे केस दाट होते. जावेनं देवाची शपथ घेतली. भाऊजींना मुलगी बघायला जायचं होतं, पण मुलाकरता; तरी ते जरा जास्तच लवकर म्हणाले की मी नाही. अण्णा त्या दिवसांत रात्री झोपताना डोक्याला टॉवेल गुंडाळायला लागले होते आणि विचारलं की थंडी म्हणायचे. मे महिना होता.

सहाव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी पुन्हा वरून फोटो काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. गेलेला अर्धा एकर परत आला नव्हता, पण बांध सरकायचा थांबला होता, आणि कडेनं बारीक पेरणी दिसत होती. अक्कानं फोटो मोबाइलवर मागून घेतला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. पहिला अंगठा भालकीहून आला.

अण्णांच्या डोक्यावर काहीही उगवलेलं नाही. ज्या मुळांनी वीस वर्षांपूर्वीच गाव सोडलं त्यांना बाटलीनं बोलावून काही होत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही, कारण सांगायचं तर आधी चोरी कबूल करावी लागेल. अक्कानं बाटलीची जागा मात्र बदलली आहे. आता ती कुठं ठेवते हे घरात कुणालाच माहीत नाही. मला माहीत आहे, पण हा अंक त्यांच्याही घरी जातो.